पेवातला बाप

सुनेच्या माहेरची, मोउंकडची मंडळी दुपारी जेवायला येणार होती. ती न्याहारीच्या वेळेलाच आली.

फंगगू चुलीपाशी बसून उकडलेली अंडी लाल रंगात बुडवत होती. खिंडीच्या तोंडाशी कुत्री भुंकायला लागली, तसं तिच्या हातातलं अंडं निसटलं आणि बाहीवर रंग उडाला.

"सुइहुआ, तुझा भाऊ आला गं!" ती सुनेला म्हणाली. "आणि आमचं ध्यान अजून पेवातच!"

ध्यान म्हणजे तिचा मुलगा शौशान. जपानी जाऊन वर्ष झालं नाही तोच देशात आपसांतली लढाई पेटली होती, आणि यंदाच्या उन्हाळ्यात सरकारी फौजेनं मोपानयूचं खोरं घेतलं. तेव्हापासून शौशान डोंगरातल्या टोळीत होता. रस्ते खणायचे, तारा कापायच्या, फौजेच्या गाड्या अडवायच्या आणि कडे चढून नाहीसं व्हायचं. मुलगा झाल्याचा निरोप त्याला पोचला होता, पण मुलाचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. आज बाळाला महिना पूर्ण झाला. पहाटे तो उतरून आला खरा, पण विहिरीवर माणसं होती, म्हणून परसातून थेट रताळ्याच्या पेवात शिरला. बाळ जागं झालं की सुइहुआनं त्याला खाली न्यायचं, बाप-लेकाची भेट घडवायची, आणि पाहुणे यायच्या आत बापानं वाट धरायची, असा बेत होता. बाळ मात्र आज उठायचं नावच घेत नव्हतं.

आणि पाहुणे म्हणजे तरी कोण? सुइहुआचा थोरला भाऊ छुआनफू, ठाण्यातल्या सरकारी संरक्षण दलाचा तुकडीप्रमुख.

"मी सांगत होतो, जेवण पुढं ढकलू," म्हातारा चंगहौ छिन्नी खाली ठेवत ओरडला. जन्मभर जात्यांना टाकी लावून आणि अलीकडे दुसऱ्याच कसल्या दगडांत दारू ठासून त्याचे कान गेले होते. तो कुजबुजला तरी शेजारी ऐकू जायचं.

"हळू बोला! पोराला महिना होतो तो काय सरकार बदलायची वाट बघतो? मामाशिवाय जावळ निघत नाही, आणि आजोळची माणसं दारातून परत पाठवत नाहीत. झाकणावर ताटं टाका आधी."

चंगहौनं बाजरीच्या वाळल्या ताटांचा भारा पेवाच्या झाकणावर लोटला आणि पुन्हा छिन्नी घेऊन बसला. तोवर गाढवाच्या गळ्यातली घंटा दारात पोचली होती.

गाढवावर विहीणबाई सुओयुन बसल्या होत्या. मागे छुआनफू, त्याच्यामागे खांद्याला बंदुका लावलेले आठ-दहा जण, आणि सगळ्यांच्या मागे, सगळ्यांवर नजर ठेवता येईल असा, एक लांब मानेचा हवालदार.

"या विहीणबाई," फंगगू हसत पुढे झाली. "लवकर आलात. घरी चूल पेटली नव्हती वाटतं?"

"पेटली होती की. पण म्हटलं, तुमच्याकडच्या शेवया शिजायला वेळ लागतो, हाताखाली यावं."

"हाताखाली आलात ते बरं केलंत. पण एवढ्या बंदुका? बाळ महिन्याचं आहे हो, पळून जायचं नाही."

बंदूकवाल्यांतले दोघं-तिघं हसले. हवालदारानं मान वळवून बघितलं, तसे गप्प झाले.

"हे हवालदार कोउ," छुआनफू कोरड्या आवाजात म्हणाला. "कप्तानसाहेबांनी सोबत दिलेत."

"घरचा धनी कुठाय?" कोउनं विचारलं.

"हे काय समोर," फंगगूनं नवऱ्याकडे बोट केलं.

"मी बाळाच्या बापाबद्दल विचारतोय."

"तेच मी तुम्हाला विचारणार होते. तुम्ही सगळा डोंगर धुंडाळता, तुम्हाला ठाऊक असणार."

कोउनं घर बघितलं, माळा बघितला, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा वाकून बघितलं. मग शरदातलं कोवळं ऊन जिथे पडलं होतं ती जागा हेरून एका वाटोळ्या दगडावर ऐसपैस बसला. शेजारीच बाजरीची ताटं होती, आणि ताटांखाली पेवाचं झाकण.

 फंगगूनं शेवयांचं पीठ जास्तच जोरात मळायला घेतलं.

*

सुइहुआ भावाशी बोलली नाही. पाच महिन्यांपूर्वी त्यानं सरकारी दलाचा गणवेश चढवला, त्या दिवसापासून नाही. तिनं गाढवावरचं सामान उतरवायला घेतलं. लाल कापड, काळी साखर, शेवयांच्या जुड्या, बाळाच्या वाघाच्या तोंडाच्या चपला. आजोळच्या आहेरात असतं ते सगळं होतं. पण त्याखाली एक जाड रजई निघाली. मग आणखी एक. मग आईची हिवाळ्यातली कापसाची सदरी. आणि सगळ्यात तळाशी, गोणपाटात गुंडाळलेली लोखंडी कढई.

ती कढई सुइहुआच्या ओळखीची होती. तिच्या कडेला पडलेला टवकासुद्धा. आईच्या घरात तेवढी एकच कढई होती.

तिनं वर बघितलं. आई गाढवाचा पट्टा सोडत तिच्याकडेच बघत होती.  ठाण्याच्या तटबंदीआड दलातल्या प्रत्येक तुकडीप्रमुखाच्या घरची माणसं ठेवलेली असतात, हे खोऱ्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस फितूर झाला की पहिला दरवाजा त्यांचा ठोठावला जायचा. आजीला नातवाच्या महिन्याच्या जेवणाला सोडू नये, असं मात्र कप्तानालाही म्हणता येत नव्हतं. शिवाय जावई आयता हाती लागेल, हाही त्याचा हिशोब असणार.

"रजया कशाला गं एवढ्या?" सुइहुआनं हळूच विचारलं.

"थंडी पडेल," आई म्हणाली. "डोंगरात लवकर पडते."

सुइहुआनं कढई पुन्हा गोणपाटात गुंडाळली आणि कोनाड्यात सरकवली. ओठ आवळूनही तिचं हसू दाबलं जात नव्हतं. आतून बाळानं टाहो फोडला. आता कुठे महाराज उठले होते!

*

पेवात शौशान रताळ्यांच्या ढिगावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. वरचं सगळं त्याला ऐकू येत होतं. आईचं टोमणे मारणं, कोंबड्यांची कलकल, हवालदाराच्या बुटांचा आवाज. मग ते रडणं आलं.

महिनाभर तो मनातल्या मनात तो आवाज ऐकत होता. कड्याखाली पाऊस झेलत पडलेला असताना, तारा कापताना. त्याला वाटायचं, बारीक, मांजरासारखा असेल. हा तर चांगला दणदणीत होता! त्याला इतका आनंद झाला, की तोंडावर हात दाबून धरावा लागला. डोक्यावर हातभर माती होती, त्यावर बाजरीची ताटं, शेजारी एक हवालदार, आणि पलीकडे त्याचा मुलगा.

कमरेचं पिस्तूल त्यानं चाचपलं आणि पुन्हा सोडलं. वर आई होती, बायको होती. इथे गोळी झाडायची नव्हती. बसून राहायचं. त्याला बसून राहता येत होतं. सगळी टोळी त्याला त्यासाठी नावाजायची.

*

छुआनफूनं भाच्याला मांडीवर घेतलं. मूल थेट सुइहुआवर गेलं होतं. लहानपणी तिलाही त्यानं असंच मांडीवर घेतलं होतं.

त्याची माणसं अंगणभर बसून शेवया ओरपत होती. बंदुका त्यांनी भिंतीला टेकवल्या होत्या. सगळी याच खोऱ्यातली, नांगरावरून उचलून आणलेली पोरं. गेल्या पंधरवड्यात त्यानं एकेकाशी बोलून घेतलं होतं, कधी पाणी भरताना, कधी घोड्यांना चारा टाकताना. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. एकच अडचण होती, आणि ती उन्हात बसून तिसरं अंडं सोलत होती. कोउचा उजवा हात पिस्तुलापासून लांब जातच नव्हता. तो डाव्या हातानं खात होता.

फंगगूनं कात्री घेतली. पहिली बट कापताच बाळानं मामाचा गणवेश पुढून भिजवला.

"शुभ असतं," फंगगू म्हणाली. "या कापडाला तेवढंच हवं होतं."

आता मात्र पोरं खदाखदा हसली. छुआनफूही हसला. सुइहुआ वाटी घेऊन त्याच्याजवळ वाकली आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा बोलली. "दादा, गरम आहे तोवर खा."

त्यानं तिच्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. कसं ते त्याला उमगेना, पण कळलं होतं.

"नाव काय ठेवताय?" कोउनं विचारलं.

"आमच्यात मामानं सुचवायचं, बापानं होकार द्यायचा," सुओयुन म्हणाल्या.

"बाप नाही, तर होकार सरकार देईल," कोउ स्वतःच्याच विनोदावर खूश झाला. "मीच सुचवतो. शुनमिन ठेवा. शुन म्हणजे आज्ञेत राहणारा. सरकारनं बस म्हटलं की बसणारा, ऊठ म्हटलं की उठणारा. या घरात एक तरी तसा निघू दे."

"चांगलं आहे," छुआनफू सावधपणे म्हणाला. "शुनमिन. काही वाईट नाही..."

"माझ्या पोराचं नाव शुनमिन?" जमीन गरजली. "मेलो तरी नाही!"

अंगणातलं ओरपणं एकदम थांबलं. एका पोराच्या तोंडातून शेवई तशीच लोंबत राहिली.

"हे बोलले," फंगगूनं झटकन नवऱ्याकडे बोट केलं.

"आँ?" चंगहौनं कानामागे हात धरला. "मी काय बोललो?"

कोउचा हात पिस्तुलावर गेला. तो अर्धवट उठला, ताटांकडे बघत.

"उठू नका," चंगहौ म्हणाला.

म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं, पण डोळे घारीचे होते. कोण कुठे बघतंय, कोणाचा हात कुठे गेलाय, एवढ्यावरून त्याला सगळं कळायचं.

"का?" कोउ अडखळला.

"तुम्ही बसलात ते जातं नाही. बुडाशी सुतळी दिसतेय? ती पाचरीला बांधलीय. भार पडला की पाचर बसते, भार उठला की सुटते. खिंडीतल्या रस्त्यावर तुमच्या दोन गाड्या उडवल्या, त्या याच्याच धाकट्या भावंडांनी."

कोउनं खाली बघितलं. दगडाच्या बुडातून खरंच सुतळी बाहेर आली होती. तो जिथल्या तिथे, जरा जास्तच जोरात, पुन्हा बसला.

"तुम्ही... तुम्ही मला यावर बसू दिलंत?"

"मला विचारलंत का? ऊन बघून तुमचे तुम्हीच बसलात."

"मी ओटा पुसून ठेवला होता," फंगगू म्हणाली.

पोरं वाट्या हातात घेऊन मागे सरकत सरकत भिंतीला भिडली. छुआनफूनं बाळ बहिणीच्या हातात दिलं, उठला आणि कोउकडे चालत गेला. वाटेत ताटांचा भारा होता. फंगगू लाटणं घेऊन आडवी आली. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"आधी माझ्यावरून जा," ती म्हणाली. "त्यानं अजून लेकाचं तोंड बघितलं नाही. तुला मी तुझ्या बहिणीच्या लग्नात हातानं भरवलंय, छुआनफू. हात उचलायचा तर आधी माझ्यावर उचल."

"आत्याबाई, थांबा!" सुइहुआ ओरडली. "दादा पकडायला नाही आला. राहायला आलाय!"

"तुला काय ठाऊक?"

"आई कढई घेऊन आलीय! रजया आणल्यात! महिन्याच्या जेवणाला कोणी आपली कढई घेऊन येतं का?"

फंगगूनं विहिणीकडे बघितलं. सुओयुनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्या हसत होत्या.

"हा म्हणत होता, कढई राहू दे, संशय येईल," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, घर सोडेन, गाव सोडेन, कढई सोडणार नाही."

"अहो, मग आल्या आल्या सांगायचं!" फंगगूचं लाटणं खाली आलं. "मी मघाशी तुमच्या शेवया मुद्दाम खारट केल्या."

छुआनफू तिला वळसा घालून पुढे गेला. वाकून त्यानं कोउच्या कमरेचं पिस्तूल काढून घेतलं. दोन्ही हातांनी दगड घट्ट धरून बसलेल्या कोउनं त्याला ते काढू दिलं.

मग छुआनफूनं स्वतःच ताटं बाजूला ढकलली आणि झाकण उचललं.

"या जावईबापू. तुमच्यासारख्या तोंडाळ माणसाला टोळीत घेतलं कोणी?"

शौशान वर आला. दाढी वाढलेली, केसांत माती, कानामागे रताळ्याचा वेल. त्यानं मेव्हण्याकडे बघितलं, पिस्तुलाकडे बघितलं, भिंतीशी वाट्या घेऊन उभ्या पोरांकडे बघितलं.

"दादा, पाच महिने मी तुमच्यावर गोळ्या झाडतोय," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. नेम सुधारा."

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. शौशाननं लेकाकडे हात पसरले, तोच आईनं लाटणं पुन्हा उगारलं.

"आधी हात धू! आणि तोंड! पोर भिईल."

त्यानं हात धुतले, तोंड धुतलं, तरी पोर भ्यालंच. बापाच्या हातात येताच त्यानं सगळं खोरं दणाणेल असा सूर लावला. शौशान रडत होता आणि म्हणत होता, "ऐका, ऐका, काय आवाज आहे!" आणि सुइहुआ त्याच्या केसांतली माती काढत होती, काढलेली माती मुठीत धरून ठेवत होती, जणू ती टाकायचंही तिला सुचत नव्हतं.

"नाव खरं मी ठरवून आलोय," छुआनफू म्हणाला. "थोंगशान. एकाच डोंगरावरचा."

शौशाननं मान डोलावून होकार दिला. 

"काय ठेवलं?" चंगहौ ओरडला.

"थोंगशान!" सगळं अंगण एका सुरात ओरडलं.

"हां! हे ऐकू आलं."

फंगगू तोवर कामाला लागली होती. "अहो हवालदार, उठा आता. तो दगड द्या इकडे. मुळ्याच्या लोणच्यावर ठेवायचाय."

कोउ उठला नाही.

"उठा हो. रांजणातून काढता यावा म्हणून सुतळी बांधलीय. खरे दगड आम्ही अंगणात ठेवतो होय, बाळंतिणीच्या घरात?"

पोरांना हसून हसून उभं राहवेना. एक तर जमिनीवरच बसला. छुआनफूनं त्यांना हसू दिलं, मग म्हणाला, "ज्यांना घरी जायचंय त्यांनी बंदूक ठेवून घरी जावं. ज्यांना वर यायचंय त्यांनी घेऊन यावं. कोणावर जबरदस्ती नाही. ती बरीच झाली."

"आधी शेवया संपवू द्या," एक जण म्हणाला.

*

संध्याकाळपर्यंत ठाण्यात बोभाटा होणार होता, म्हणून दुपार कलायच्या आत सगळे निघाले. तिघं घरी गेले. बाकीचे बंदुका घेऊन टोळीच्या मुक्कामाची, वरच्या वाडीची वाट चढायला लागले. कोउला गावाबाहेर सोडलं होतं, दोन्ही हातांत लाल अंडी देऊन. महिन्याच्या जेवणाहून कोणाला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं, असं फंगगूचं म्हणणं पडलं.

दोन्ही विहिणी आळीपाळीनं गाढवावर बसत होत्या आणि प्रत्येक वेळी दुसरीलाच बसायचा आग्रह करत भांडत होत्या. चंगहौ सगळ्यात मागे राहिला. खिंडीत त्याला थोडं काम होतं, या खेपेला खरं.

पहिल्या वळणावर तो धापा टाकत वर आला, तर त्याच्यामागून कोउ येत होता. टोपी नव्हती. पोरांनी बंदुका उचलल्या.

"झाडू नका!" कोउ ओरडला. "मी परत गेलो तर कप्तान मला उभा करून गोळी घालेल. तुकडी गेली, पिस्तूल गेलं. काय सांगू त्याला?"



"विश्वास कसा ठेवायचा?" शौशान म्हणाला.

"नकाच ठेवू. हात बांधा माझे. पण मला तिकडे पाठवू नका. माझं गाव नदीपलीकडे आहे, मलाही नांगरावरूनच आणलंय."

"खिंडीत मी याला थांब म्हटलं तर थांबला," चंगहौ ओरडला. "सुरुंगाच्या अलीकडे दोन पावलं. शहाणा दिसतो."

फंगगूनं गाढव थांबवलं. "अंडी कुठायत?" तिनं विचारलं.

कोउनं मान खाली घातली. "खाल्ली. येता येता."

"मग उपाशी नाहीस. धर हे दावं, आणि नीट चाल. विहीणबाई पडल्या तर बघ." मग ती शौशानकडे वळली. "तुम्ही पुरुष मागाहून चौकशी करा काय ती. ऊन उतरायला लागलंय."

कोउनं दावं धरलं. गाढवानं त्याला एकदा हुंगलं आणि चालायला लागलं.

सुइहुआचे हात भरून आले होते. तिनं बाळ शौशानकडे दिलं. या खेपेला ते रडलं नाही. दोन्ही डोळे उघडून, भुवया आकसून, त्या दाढीवाल्या तोंडाकडे बघत राहिलं.

"बघतोय गं माझ्याकडे," शौशान कुजबुजला.

"डोळ्यांवर ऊन येतंय त्याच्या. सावली कर."

त्यानं टोपी काढून बाळावर धरली. वरच्या वाडीपर्यंत पुरी चढण होती, खांद्यावर बंदूक होती, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. पण त्यानं हात खाली घेतला नाही.